जुन्या स्नॅपशॉटवर परतलो तरी मशीन उठत नाही: बूटलोडर आणि बीटीआरएफएसचं जमवायचं कसं?

रामबागी (इंदूर)

नमस्कार मंडळी. इथं इंदुरात आमची एक छोटी अभ्यासिका आहे, स्पर्धा परीक्षांची मुलं येऊन बसतात. तिथल्या कॉम्प्युटरांवर आर्च लिनक्स आहे (का, ते विचारू नका; आधी जो बघायचा त्याची हौस). रूट, म्हणजे सिस्टिमचा मुख्य भाग, बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमवर; तिची त्या क्षणाची प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, काढणारा स्नॅपर बसवलेला. पॅकमन (आर्चचा पॅकेज बसवणारा प्रोग्राम) चालायच्या आधी आणि नंतर आपोआप स्नॅपशॉट निघतो आणि ग्रब या बूटलोडरच्या मेनूत सगळे ओळीनं दिसतात. कागदावर एकदम बढिया.

आता अपडेटनंतर एका मशीनचा डिस्प्ले गेला. म्हटलं, स्नॅपशॉट असतात तरी कशाला? ग्रबमधून अपडेटच्या आधीचा निवडला. मशीन सुरू झालं, थोडं पुढं गेलं आणि इमर्जन्सी मोडमध्ये येऊन थांबलं. वर ओळ होती: ‘अननोन फाइलसिस्टम टाइप व्हीफॅट’. वायफाय नाही, आवाज नाही. नव्यात निदान स्क्रीन काळी होती, जुन्यात काहीच नाही.

ईएसपी (फर्मवेअर बूटलोडर जिथून उचलतं ते पार्टिशन) ५१२ एमबीची आहे आणि ती थेट /बूट वर माउंट केलेली आहे. एन्क्रिप्शन नाही. हे असं का होतं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून मांडणी कशी असावी?

भिया_इंदुरी

इमर्जन्सी प्रॉम्प्टवर रूटचा पासवर्ड देऊन आत जा. ‘यूनेम -आर’ (चालू कर्नलची आवृत्ती) काय म्हणतं, आणि /यूएसआर/लिब/मॉड्यूल्स मध्ये (कर्नलचे ड्रायव्हर तिथं असतात) कुठले फोल्डर आहेत, एवढंच सांगा.

रामबागी

यूनेम म्हणतं ६.१३. फोल्डर एकच आहे, ६.१२ चा.

भिया_इंदुरी

मग झालं निदान. नवं कुलूप, जुनी किल्ली.

तुमचा स्नॅपशॉट फक्त बीटीआरएफएसचा निघतो. /बूट म्हणजे ईएसपी, आणि ईएसपी फॅट असते कारण यूईएफआय फर्मवेअरला हमखास वाचता येते ती तेवढीच. फॅटला स्नॅपशॉट ठाऊकच नाही. म्हणजे तुम्ही मागं गेलात तेव्हा रूट मागं गेलं, पण कर्नल आणि इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला रॅममध्ये चढणारी छोटी सिस्टिम) जागच्या जागी, नवे ते नवेच. आर्चमध्ये कर्नलचं पॅकेज बदललं की जुन्या आवृत्तीची मॉड्यूल्स पुसली जातात, आणि जुन्या स्नॅपशॉटमध्ये नव्याची असायचा प्रश्नच नाही.

फसगत होते ती पुढची. इनिटरॅमएफएसच्या पोटात नव्या कर्नलची थोडी मॉड्यूल्स असतात: डिस्क, बीटीआरएफएस, यूएसबी कीबोर्ड. त्यामुळे रूट माउंट होतं, कीबोर्डही चालतो आणि वाटतं सगळं ठीक चाललंय. तिथून पुढं प्रत्येक ड्रायव्हर रूटमधल्या ६.१३ च्या फोल्डरात शोधला जातो, जो नाहीच. आर्चच्या कर्नलमध्ये व्हीफॅट, म्हणजे फॅटचा ड्रायव्हरसुद्धा, मॉड्यूल आहे. एफस्टॅब (काय कुठं माउंट करायचं याची यादी) सांगतो /बूट माउंट कर, व्हीफॅट मिळत नाही, सिस्टमडी (बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्राम) हात वर करतो. डिस्क खराब नाही, बीटीआरएफएसचा दोष नाही, ग्रबनंही त्याला सांगितलं तेच केलं.

तात्पुरता इलाज: नवाच बूट करा, काळ्या स्क्रीनवर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टर्मिनल घ्या आणि डिस्प्लेचं पॅकेज पॅकमनच्या कॅशमधून जुनं बसवा. कायमचा इलाज मांडणी बदलण्यात आहे.

जुना_खोका (इंदूर, सुदामा नगर)

याच्यासाठीच मी इतकी वर्षं ओपनसुसे ही लिनक्स सोडलेली नाही. १३.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, त्यांनी रूटला बीटीआरएफएस डिफॉल्ट केलं आणि सोबत बूटचा विचारही केला. कर्नल, इनिटआरडी (म्हणजे इनिटरॅमएफएसच) आणि मॉड्यूल्स तिन्ही एकाच रूटमध्ये. /बूट वेगळं पार्टिशन नाहीच. ग्रबला बीटीआरएफएस वाचता येते, तो स्नॅपशॉटच्या आत शिरून तिथलाच कर्नल उचलतो. त्यामुळे जोडी फुटायचा प्रश्न येत नाही.

पण बारकावा बघा. /बूट/ग्रब२ च्या आतले प्लॅटफॉर्मचे फोल्डर त्यांनी मुद्दाम वेगळ्या सबव्हॉल्यूममध्ये (बीटीआरएफएसच्या आतला कप्पा, स्नॅपशॉट ज्याचा त्याचा निघतो) ठेवले, म्हणजे रोलबॅकमध्ये ते मागं जात नाहीत. ग्रबचा गाभा बसलेला असतो ईएसपीत किंवा डिस्कच्या सुरुवातीला, आणि त्याची मॉड्यूल्स या फोल्डरात. गाभा नवा आणि मॉड्यूल्स जुनी झाली की ग्रब ‘सिम्बॉल नॉट फाउंड’ म्हणून अडतो. २०२० च्या जुलैत बूटहोल नावाची सुरक्षेची भगदाडं बुजवायला ग्रबचं अपडेट आलं तेव्हा ‘ग्रब_कॅलॉक’ सापडत नाही म्हणून कितीतरी जणांची मशिनं अडली होती. तिथं रोलबॅकचा संबंध नव्हता, गाभा एका डिस्कवर आणि अपडेट दुसरीवर असं झालेलं. दुखणं मात्र हेच.

तात्पर्य, जे कर्नलचं आहे ते स्नॅपशॉटसोबत मागं गेलं पाहिजे, आणि जे बूटलोडरचं आहे ते जाता कामा नये.

रामबागी

काका, मग मी /बूट रूटच्या आत घेतलं आणि ‘स्नॅपर रोलबॅक’ म्हटलं की काम झालं?

जुना_खोका

नाही! इथंच लोक फसतात. स्नॅपर रोलबॅक काय करतो? निवडलेल्या स्नॅपशॉटची लिहिता येईल अशी प्रत काढतो आणि तिला बीटीआरएफएसचा डिफॉल्ट सबव्हॉल्यूम बनवतो. हे चालायला दोन गोष्टी हव्यात: कर्नलला ‘रूटफ्लॅग्ज’मधून सबव्हॉल्यूमचं नाव बांधून दिलेलं नसावं, आणि ग्रबनं डिफॉल्टचा मान ठेवावा. ओपनसुसेनं त्यासाठी आपल्या ग्रबला स्वतःचे पॅच लावलेत. मूळ ग्रब डिफॉल्ट बघतच नाही, तो सगळ्यात वरच्या सबव्हॉल्यूमपासून (क्रमांक ५) पत्ता मोजतो.

तुमच्या आर्चमध्ये कर्नलच्या ओळीत ‘सबव्हॉल=@’ (@ हे रूटच्या सबव्हॉल्यूमचं नाव) स्पष्ट लिहिलेलं असणार, एफस्टॅबमध्येही. म्हणजे डिफॉल्ट कितीही बदला, उठणार तोच जुना @. तुमच्याकडे करायचं ते सरळ: लाइव्ह पेनड्राइव्हवरून किंवा स्नॅपशॉटमध्ये बूट करून वरचा सबव्हॉल्यूम माउंट करा, @ चं नाव बदलून बाजूला ठेवा, आणि हव्या त्या स्नॅपशॉटची लिहिती प्रत @ नावानं काढा. कॉपी होत नाही, फक्त नोंद होते, म्हणून क्षणात होतं.

सयाजीबागेतली (वडोदरा)

झेडएफएस या अशाच स्नॅपशॉटवाल्या फाइलसिस्टिमच्या लोकांना हा तिढा फार आधी सुटलेला आहे, एवढंच नोंदवते. सोलारिसच्या जगात झेडएफएसवरची बूट एन्व्हायर्नमेंट (बूट करता येईल अशी पूर्ण सिस्टिमची प्रत) २००८ च्या ओपनसोलारिसपासून आहे, फ्रीबीएसडीत १२ पासून ती सांभाळणारं ‘बीईसीटीएल’ मूळ सिस्टिमसोबतच येतं. तिथला लोडर आणि फाइलसिस्टिम एकाच घरात वाढले, म्हणून लोडरला झेडएफएस नीट कळते.

लिनक्सवर ग्रबनं झेडएफएस वाचायची म्हणजे शिक्षा. पूलची (झेडएफएसच्या एकत्रित डिस्कसाठ्याची) बरीच नवी वैशिष्ट्यं ग्रबला कळत नाहीत. म्हणून उबंटूनं १९.१० मध्ये झेडएफएस रूटचा प्रयोग केला तेव्हा दोन पूल केले: बीपूल बूटसाठी, मोजकीच वैशिष्ट्यं चालू ठेवलेला, आणि आरपूल बाकी सगळ्यासाठी. एकाच रोलबॅकला दोन पूल जुळवत बसायचे. मला ते कधी पटलं नाही.

मी झेडएफएसबूटमेनू वापरते. तो म्हणजे ईएसपीत बसलेला एक छोटा लिनक्सच, खरा झेडएफएस ड्रायव्हर सोबत घेऊन. तो पूल उघडतो, बूट एन्व्हायर्नमेंट दाखवतो, जुन्या स्नॅपशॉटवरून तिथल्या तिथं नवी प्रत काढून देतो, आणि निवडलेल्या डेटासेटमधला (पूलमधल्या कप्प्यातला) कर्नल केएक्झेकनं, म्हणजे चालू कर्नलमधूनच थेट, सुरू करतो. बूटलोडरनं फाइलसिस्टिम नव्यानं शिकायची गरजच संपते.

भिया_इंदुरी

ताई, केएक्झेकनंतर ग्राफिक्स कार्ड रुसतं त्याचं काय? आणि झेडएफएस कर्नलच्या मूळ झाडात नाही, लायसन्सचा घोळ. सतत अपडेट होणाऱ्या, म्हणजे रोलिंग डिस्ट्रोवर दर नव्या कर्नलला मॉड्यूल बांधून होतंय का याची वाट बघायची. अभ्यासिकेत हे कोण सांभाळणार?

सयाजीबागेतली

दोन्ही खरं. रामबागींनी आज झेडएफएसवर जावं असं मी म्हणतच नाहीये. मुद्दा तत्त्वाचा आहे: ग्रबमधले फाइलसिस्टिमचे ड्रायव्हर म्हणजे कर्नलच्या ड्रायव्हरचा वेगळा लिहिलेला, फक्त वाचू शकणारा, नेहमी मागं पडणारा अवतार. बीटीआरएफएसवर झेडएसटीडी कॉम्प्रेशन कर्नलमध्ये २०१७ ला आलं, ग्रबमध्ये २.०४ ला, २०१९ मध्ये. मधल्या काळात ज्यांनी रूट झेडएसटीडीनं दाबलं त्यांना /बूट वेगळं ठेवावं लागलं.

आणि हे बीटीआरएफएसपुरतं नाही. ईएक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम; २०२३ मध्ये ती बनवणाऱ्या ई२एफएसप्रॉग्ज १.४७ नं तिची काही वैशिष्ट्यं डिफॉल्ट चालू केली, तर मूळ ग्रब २.०६ ला तशी नवी ईएक्सटी४ सुद्धा वाचता येईना. लक्स२ या डिस्क एन्क्रिप्शनचं तेच: २.१२ पर्यंतच्या ग्रबला आर्गॉन२ पद्धतीनं पासवर्डवरून बनवलेली किल्ली उघडता येत नाही.

गोरखीकर (ग्वाल्हेर)

एवढं सगळं करण्यापेक्षा ईएक्सटी४ आणि एक पेनड्राइव्ह. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दुकानात मी गिऱ्हाइकांना तेच देतो. कोणी ‘स्नॅपशॉट’ म्हणत नाही, कोणी रात्री फोन करत नाही.

रामबागी

:) गोरखीकर, तुमचं पटतं. पण मी रोज तिथं नसतो. एखादं मशीन बिघडलं तर बसलेल्या मुलानं मेनूतून कालचं निवडून काम चालू ठेवावं एवढीच अपेक्षा. पेनड्राइव्ह घेऊन मीच जायचं तर मग काय उपयोग.

सिस्टमडी_शरण (इंदूर)

कोणी दुसरी बाजू मांडेना म्हणून मी मांडतो. कर्नल स्नॅपशॉटच्या आतच असला पाहिजे असं कुठं लिहिलंय? जोडी टिकली पाहिजे, जागा कुठलीही चालेल. ईएसपीवर प्रत्येक स्नॅपशॉटसाठी एक नोंद ठेवा: हा कर्नल, हा इनिटआरडी, हा सबव्हॉल्यूम. बूट लोडर स्पेसिफिकेशन म्हणतात तेच हे, साध्या मजकुराच्या छोट्या फाइली. सिस्टमडी-बूट त्या वाचतो. त्याच्याकडे स्वतःचा एकही फाइलसिस्टिम ड्रायव्हर नाही, फर्मवेअर देईल तेवढंच वाचतो. म्हणजे ताई म्हणतात तो मागं पडणारा अवतार इथं नाही. ओपनसुसेचंच ‘एसडीबूटयूटिल’ हे काम करतं: स्नॅपशॉट निघाला की नोंद तयार, स्नॅपशॉट गेला की नोंद गेली.

वर ट्राय मोजायची सोय. नोंदीच्या फाइलच्या नावात ‘+३’ घातलं की सिस्टमडी-बूट प्रत्येक प्रयत्नाला एक कमी करतो. नीट बूट झालं तर आकडा काढून टाकला जातो. तीनदा आपटलं तर ती नोंद खाली ढकलली जाते आणि मागची चांगली आपोआप उचलली जाते. मुलाला मेनूत बोटसुद्धा लावायला नको. ग्रबला बीटीआरएफएसवर हे कधी नीट जमणार? तो बीटीआरएफएसवर लिहूच शकत नाही.

जुना_खोका

लिहू शकत नाही हे बरोबर, थोडं उलगडतो. ग्रबची आठवण ‘ग्रबएन्व्ह’ नावाच्या १०२४ बाइटच्या फाइलीत असते. तो ती फाइल डिस्कवर जिथं आहे तिथंच खोडून लिहितो. कॉपी-ऑन-राइट (बदल नव्या जागी लिहिणं) आणि चेकसम (मजकूर बिघडला का ते ताडणारा आकडा) असलेल्या फाइलसिस्टिमवर असं खुपसून लिहिलं तर चेकसम मोडणार, म्हणून ग्रब नकार देतो. ‘स्पार्स फाइल नॉट अलाउड’ ही ओळ ज्यांनी बघितली असेल त्यांना कळेल. ‘मागच्या वेळी निवडलेलं लक्षात ठेव’ ही सोय म्हणूनच चालत नाही. ओपनसुसेनं त्यावरही तोड काढली: बीटीआरएफएसचा पहिला सुपरब्लॉक ६४ केबीवर असतो, त्याच्या आधीची जागा बूटलोडरसाठी मोकळी सोडलेली आहे, तिथं ते ही आठवण ठेवतात. फेडोरानं ३३ पासून, २०२० मध्ये, वर्कस्टेशनला बीटीआरएफएस दिलं पण /बूट ईएक्सटी४ वरच ठेवलं. त्यामुळे तिथं साध्या स्नॅपशॉटवर परत गेलात तर रामबागींसारखंच होऊ शकतं. नशीब एवढंच की फेडोरा मागचे दोन कर्नल मॉड्यूल्ससकट ठेवतो, त्यामुळे जुन्या रूटला जुळणारा कर्नल बहुधा मेनूत सापडतो.

तुमच्या सिस्टमडी-बूटला माझा आक्षेप जागेचा. कर्नल १५ एमबीच्या आसपास धरा, इनिटरॅमएफएस ४० ते ८०, एनव्हीडियाचा ड्रायव्हर आत कोंबला तर शंभराच्या वर. विंडोज स्वतः ईएसपी करतो १०० एमबीची. बसवा आता.

सिस्टमडी_शरण

दर स्नॅपशॉटला नवा कर्नल नसतो ना. एकच कर्नल असलेले दहा स्नॅपशॉट एकाच फाइलीकडे बोट दाखवतात. आणि १०० एमबीच्या ईएसपीसाठी एक्सबूटएलडीआर आहे: शेजारी एक जीबीचं दुसरं फॅट पार्टिशन करायचं, प्रकार तो लावायचा, सिस्टमडी-बूट दोन्हींतल्या नोंदी एकत्र दाखवतो.

भिया_इंदुरी

मला जागेपेक्षा लाइटची जास्त भीती वाटते. अभ्यासिकेत प्रत्येक मशीनला यूपीएस आहे का? नसेल तर विचार करा: बीटीआरएफएस अर्धवट लिहिलं गेलं तरी मागच्या पूर्ण अवस्थेवर उभी राहते, अर्थात डिस्क फ्लशच्या बाबतीत खोटं बोलत नसेल तर. फॅटला जर्नल नाही, चेकसम नाही. म्हणजे सगळ्यात नाजूक फाइलसिस्टिम सगळ्यात मोक्याच्या जागी. त्यावर दर अपडेटला शंभर एमबी लिहायचं आणि त्याच क्षणी लाइट गेली तर? पावसाळ्यात आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको.

सिस्टमडी_शरण

आधी वेगळ्या नावानं लिहायचं, सिंक, मग नाव बदलायचं, आणि जुनी नोंद नवं एकदा नीट बूट होईपर्यंत पुसायची नाही. तरी फॅटवर शंभर टक्के हमी नाही, हे कबूल.

रामबागी

यूपीएस निम्म्याच मशिनांना आहे. आणि दोन मशिनांवर विंडोजही आहे, टॅलीच्या क्लाससाठी. तिथं ईएसपी १०० एमबीचीच, त्यामुळे मी /बूटची काय कसरत केलीय ते सांगतच नाही. आता मला कोणीतरी एकच काय ते सांगा.

जुना_खोका

तुमच्या परिस्थितीत मी असं करीन. ईएसपी /बूट वरून उठवा आणि /ईएफआय वर माउंट करा, एफस्टॅबमध्येही तसंच. /बूट आता रूटमधला साधा फोल्डर. मग कर्नलचं पॅकेज पुन्हा बसवा म्हणजे कर्नल आणि इनिटरॅमएफएस बीटीआरएफएसच्या आत तयार होतील. इंटेल-एएमडीचं मायक्रोकोडसुद्धा (प्रोसेसरच्या दुरुस्त्या) पुन्हा बसवा, ते नेहमी विसरलं जातं.

त्यानंतर ग्रब-इन्स्टॉल चालवताना ईएफआयचं फोल्डर /ईएफआय द्या आणि बूट-डिरेक्टरीही /ईएफआय द्या. यानं ग्रबची मॉड्यूल्स, ग्रब.सीएफजी आणि ग्रबएन्व्ह तिन्ही फॅटवर जातात. रोलबॅकमध्ये ती मागं जाणार नाहीत, आणि फॅटवर ग्रबला लिहिता येतं, म्हणजे मागची निवड लक्षात राहील. मॉड्यूल्स मिळून काही एमबी, १०० एमबीच्या ईएसपीतही बसतात. ग्रब-एमकेकॉन्फिगचा आउटपुट /ईएफआय/ग्रब मध्ये टाका, आणि ग्रब-बीटीआरएफएसच्या कॉन्फिगमध्ये ग्रबच्या फोल्डरचा नवा पत्ता लिहा. नाहीतर तो स्नॅपशॉटची यादी जुन्याच जागी लिहीत बसेल आणि मेनूत काही दिसणार नाही.

भियाच्या लाइटच्या शंकेलाही यात उत्तर आहे. ग्रब-बीटीआरएफएस दर वेळी फक्त आपली वेगळी छोटी फाइल लिहितो. ती बिघडली तरी मुख्य नोंद शाबूत राहते.

सयाजीबागेतली

सहमत. दोन पुरवण्या. पहिली: स्नॅपरचे स्नॅपशॉट फक्त वाचायचे असतात, त्यात थेट बूट केलं की डिस्प्ले मॅनेजर /व्हार मध्ये लिहू पाहतो आणि लटकतो. ग्रब-बीटीआरएफएससोबत ओव्हरलेएफएसचा हुक येतो, तो इनिटरॅमएफएसमध्ये घाला. मग सगळं लिहिणं रॅममध्ये होतं आणि मूल निवांत काम करू शकतं. पण रीबूटनंतर रूटवर केलेलं काही उरत नाही, हे भिंतीवर चिकटवा. होम वेगळ्या सबव्हॉल्यूमवर असेल तर तिथलं राहील.

दुसरी: /व्हार पूर्ण वेगळा सबव्हॉल्यूम करायचा मोह आवरा. पॅकमनचा डेटाबेस /व्हार/लिब/पॅकमन मध्ये असतो. रूट मागं गेलं आणि तो डेटाबेस पुढंच राहिला तर पॅकमनला वाटेल नवं बसलेलंच आहे, आणि पुढचं अपडेट काहीही करेल. लॉग आणि कॅश तेवढी वेगळी ठेवा. ओपनसुसेला /व्हार वेगळा परवडतो कारण त्यांनी आरपीएमचा, म्हणजे त्यांच्या पॅकेजांचा, डेटाबेस /यूएसआर च्या आत हलवलाय.

गोरखीकर

विंडोजच्या मशिनवर हात घालण्याआधी त्याचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ईएसपी अर्धवट अवस्थेत माउंट होते मग. पेनड्राइव्ह तरीही जवळ ठेवा. :)

रामबागी

सगळ्यांचे आभार. अनंत चतुर्दशीला झांक्यांच्या गर्दीमुळे अभ्यासिका बंदच असते, तेव्हा आधी एका मशीनवर करतो. चाचणी कशी घ्यावी? नवं कर्नल येईपर्यंत थांबायचं का?

भिया_इंदुरी

थांबायचं कशाला. आत्ताच्या लिनक्स पॅकेजच्या जागी कॅशमधला जुना कर्नल बसवा, पॅकमन स्वतःच आधी-नंतरचे दोन स्नॅपशॉट काढेल. दोघांत आळीपाळीनं बूट करा. दोन्हीकडे यूनेम आणि मॉड्यूल्सचा फोल्डर जुळला, वायफाय उठलं आणि /ईएफआय माउंट झालं, तर मांडणी पक्की. मग @ बाजूला करून खरा रोलबॅकही एकदा करा, आणि नंतर ग्रब-एमकेकॉन्फिग चालवायला विसरू नका.

रामबागी

अपडेट: एका मशीनवर केलं. दोन्ही स्नॅपशॉट आपापल्या कर्नलसह उठतात, वायफायसकट. ग्रब-बीटीआरएफएसचा पत्ता बदलायचा राहिला होता म्हणून आधी मेनू रिकामा आला, काकांनी सांगितलं होतं तेच. टॅलीच्या दोन मशिनांचं गणपती उठल्यावर. एक शंका उरली: ‘ग्रब-एडिटएन्व्ह लिस्ट’ म्हटलं तर फाइल नाही म्हणतो.

जुना_खोका

ते मुकाट्यानं /बूट/ग्रब मध्येच शोधतं. पुढं /ईएफआय/ग्रब/ग्रबएन्व्ह असा पूर्ण पत्ता द्या.